कासेचे आरोग्य, दुधाची शुद्धता



दोन गाईंच्या दुधावर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्या घरी एका गाईची कास सुजली, तर केवढे संकट ओढवते, हे आपणांस सांगावयास नको. अशा वेळी मागचे उरलेले इंजेक्शन टोचले जाते आणि सूज उतरताच उपचार थांबविला जातो. चूक होते ती येथेच. अर्धवट उपचारातून तगलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच हा धोका सांगून ठेवला होता.

शिवाय औषधाचा अंश दुधात उतरतो. उकळल्याने तो पुरता नाहीसा होतोच असे नाही. असे दूध विरजले, तर दहीही नीट लागत नाही. म्हणून पशुवैद्यकांनी दिलेला उपचार पूर्ण करावा व त्यांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते दूध संकलन केंद्रावर घालू नये.

हे नुकसान मोठे आहे, हे मान्य. ते टाळण्याचा मार्ग मात्र गोठ्यातच आहे. हात व कास धुऊन कोरडी करावी. पहिल्या धारा गडद रंगाच्या भांड्यात काढून गुठळ्या आहेत का, ते पाहावे. आजारी गाईची धार शेवटी काढावी. धार काढल्यावर पुढ्यात वैरण टाकावी. गाय अर्धा तास उभी राहिली, म्हणजे सडांची उघडी तोंडे मिटतात आणि जंतूंना वाट मिळत नाही.

औषधाला पैसा पडतो. या दक्षतेला केवळ सवय लागते.