बाया कर्व्यांचे देणे



समाजाचे भले निरपेक्षपणे पाहणाऱ्यांत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आपल्या तोंडी लगेच येते, आणि ते यायलाच हवे. आज मात्र मला त्यांच्या कामाकडे त्यांच्या घरातून पाहायचे आहे.

१८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढे ज्यांना सारे बाया कर्वे म्हणू लागले त्यांच्याशी, लग्न केले. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. या लग्नापायी कर्व्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी दोघांवर बहिष्कार घातला. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत नेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झाले की कर्वे पुण्याहून चालत हिंगणे गाठत. वाट आडरानातली, चिखलाकाट्यांची. आश्रमाला लागणारे सामानसुमानही कित्येकदा त्यांच्याच हाती असे.

आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, असे त्यांनी ठरवले. ज्या मतासाठी स्वतः बहिष्कार सोसला, तेच मत त्यांनी आश्रमाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले! कारण उघड होते. तिथे पुनर्विवाहाची नुसती कुजबुज जरी झाली असती, तरी कितीतरी बापांनी आपल्या विधवा मुली शिकायला पाठवल्याच नसत्या. पैसा आणि वेळ देणारे पुष्कळ भेटतात. मुलींचे शिक्षण अडू नये म्हणून आपला जिवाभावाचा आग्रह गिळणारा माणूस विरळा. मला कर्व्यांचा हा सर्वांत मोठा त्याग वाटतो.

पण त्याची झळ बायांना लागली. पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरली तर लोक बिचकतील, म्हणून त्यांना तिथून दूर राहावे लागले. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले मात्र विधवा म्हणून आश्रमात राबू शकल्या. आश्रमाच्या वर्गणीसाठी त्या गावोगाव हिंडल्या, पुढे अमेरिकेलाही गेल्या आणि तिथे लोकांच्या घरची कामे करून राहिल्या. इकडे कर्व्यांची मिळकत आश्रमाकडे वळे आणि संसाराची तोंडमिळवणी बायांच्या गळ्यात पडे. त्या नागपूरला जाऊन सुईणीचे काम शिकून आल्या. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी ही सगळी ओढाताण आडपडदा न ठेवता सांगितली आहे.

यामुळे कर्वे माझ्या नजरेत उतरत नाहीत. माझे म्हणणे आपल्यासाठी आहे. तुमच्यापैकी बरेच जण गावातल्या कुठल्या ना कुठल्या संस्थेचे काम पदरमोड करून पाहता. ती पदरमोड कोणाच्या पदरातून होते, हे घरी बसून एकदा मोकळेपणाने बोला. घरातून नकार आला, तर तोही ऐकून घ्या. आणि पुढच्या अहवालात देणगीदारांची यादी छापाल, तेव्हा कार्यकर्त्यांच्या घरच्या माणसांची नावेही त्यात घाला.