चप्पल पायातून निसटते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. पायाचे सांगा असा तुमचा आग्रह, म्हणून सांगते.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात मी गच्चीवर लागोपाठ चार दिवस उकिडवी बसून कुरडया घातल्या. चौथ्या दिवशी जिना उतरताना डाव्या पायातली चप्पल निसटली, ते मला कळलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला अंगठा अडला. टाच टेकून पाऊल वर करू गेले, तर होईना. चालताना फट्‌ फट्‌ वाजे. मुले हसत, मीही हसे. मुरगळला असेल म्हणून तीन आठवडे घोट्याला तेल चोळले. दुखत तर काहीच नव्हते, मग मुरगळेल कसा, एवढे काही सुचले नाही!

डॉक्टरांनी घोटा सोडून गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या उंचवट्याखाली बोट टेकवले. पावलापर्यंत झिणझिण्या गेल्या. पाऊल उचलणाऱ्या स्नायूंची नस तिथे हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते. फार वेळ उकिडवे बसले की ती दबते.

मग त्यांनी अंगावर बधिर चट्टा आहे का, असे विचारले. सासूबाई ताडकन म्हणाल्या, “आमच्या घरात असले काही नाही!” चट्टा नव्हताच. पण कुष्ठरोगही हीच नस धरतो, हे ऐकले आणि मला मावशी आठवली. माझ्या लहानपणी तिचे पाऊल असेच लोंबे. मांडीवर चट्टा होता. लाजेपायी घरच्यांनी तिला मागच्या खोलीत ठेवले, दवाखान्यात नेले नाही. बधिर तळव्याला जखम झाली, ती शेवटपर्यंत भरली नाही. औषध तेव्हाही होते हो! आज ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. रोगाप्रमाणे ६ किंवा १२ महिने घ्यायचे. नस दुखावून ६ महिने झाले नसतील, तर निराळ्या गोळ्यांनी पायात पुन्हा बळ येऊ शकते.

पायाबरोबर तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर मात्र त्याच क्षणी मोठे इस्पितळ गाठावे.

मला पाऊल काटकोनात धरणारी पट्टी दिली. टाचेची शीर आखडू नये म्हणून रोज हाताने पाऊल वर ओढायचे. पायावर पाय टाकून बसणे बंद. चार महिन्यांनी अंगठा हलला, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

कुरडया यंदाही घातल्या, स्टुलावर बसून. जरा वाकड्या झाल्या आहेत.