जुन्या वीजगाड्या आणि हौशी हात



धाराशिवच्या सभेत अमेरिकेतल्या ट्रामगाड्यांचे काय काम, असे कोणाच्या मनात आले असेल. आपल्या जिल्ह्यातून एक रेल्वे शंभर वर्षे धावून गेली; तिचे आपण काय राखले, हे विचारण्यासाठीच आम्ही इतक्या दूरचा दाखला घेतला आहे.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. तेथील बिडफर्ड व सॅको या गावांची ट्राम १९३९ साली बंद होऊन तिच्या जागी बस यावयाची होती. तेव्हा काही हौशी मंडळींनी ३१ नंबरचा एक उघडा डबा दीडशे डॉलरला विकत घेतला. त्यांच्यापाशी ना स्वतःचे रूळ होते, ना विजेची तार. त्यातूनच सीशोर ट्रॉली म्युझियम उभे राहिले. आज तेथे अडीचशेहून अधिक वाहने आहेत. इंग्लंडात क्रिच येथे एका जुन्या दगडखाणीत १९५९ साली अशीच मंडळी जमली आणि १९६४ पासून तेथे विजेच्या ट्राम पुन्हा धावू लागल्या.

हे काम रंगरंगोटीचे नव्हे. पत्रा उचकटला की खाली कुजलेले लाकूड निघते. ते जोडागणिक बदलावे लागते. मोटारीच्या गुंडाळ्यांवरचे आवरण विटलेले असते. तार नव्याने गुंडाळावी लागते. चालकाच्या हातातला दांडा एकेक खाच पुढे सरकला की वीज टप्प्याटप्प्याने मोटारीत जावी, यासाठी आतला प्रत्येक तांब्याचा तुकडा नीट टेकला पाहिजे. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. लाकडी नमुना करून ते ओतून घ्यावे लागतात. एकेका डब्यापायी वर्षे जातात. आणि हे करणारे बहुतेक लोक आपापला पोटाचा धंदा सांभाळून सुटीच्या दिवशी येणारे! जुना कारागीर जिवंत आहे तोवर त्याच्या हाताखाली शिकले, तरच ही विद्या टिकते. यंत्र राखावयाचे म्हणजे ते चालविणारा हातही राखावयाचा.

आपल्याकडे काय झाले? मुंबईत विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली. पुढे २०२१ साली तिची आठवण म्हणून भाटिया बागेत एक डबा ठेवला, तो कलकत्त्याहून आणलेला!

मुंबईला नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. कॅल्थ्रॉप साहेबाची बार्शी लाईट १८९७ साली सुरू झाली, आणि येडशी, ढोकीवरून १९११ साली लातूरला पोहोचली. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. अडीच फुटी रुळांची ही गाडी १९५४ साली सरकारने घेतली. २००८ पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी सारा मार्ग रुंद झाला. नवा मार्ग धाराशिव शहराला भेटला, ही आनंदाचीच गोष्ट. २०२३ च्या फेब्रुवारीत औसा रोड ते लातूर रोड तारा जोडल्या गेल्या आणि मध्य रेल्वेचे विद्युतीकरण पुरे झाले. नवे यावेच. परंतु नव्याच्या स्वागतात जुन्याची मोजदाद कोणी केली?

हे आपल्याला जमणारे नाही, असे कोणी म्हणू नये. याच जिल्ह्यात, तेरला, रामलिंगप्पा लामतुरे यांनी मातीत सापडणारी खापरे, मूर्ती, नाणी आयुष्यभर जमविली. त्यातून त्यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय झाले. त्यांना हे काम कोणी नेमून दिले नव्हते.

इंजिन मिळविणे कदाचित आपल्या आवाक्याबाहेरचे असेल. पण बार्शी लाईटवर ज्यांनी कोळसा टाकला, रूळ ठोकले, सिग्नल ओढला, त्यांची घरे आपल्या गल्ल्यांत आहेत. एखाद्या माळ्यावर कंदील असेल, ट्रंकेत तिकीट असेल. ते उतरवून घ्यावे. आणि त्याहून आधी त्या म्हाताऱ्यांपाशी वही घेऊन बसावे. वस्तू दहा वर्षे थांबेल, माणूस थांबणार नाही.