बंड्यानंतर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी चांगलं-चुंगलं ऐकतो. कधी संतवाङ्मय, कधी मधुमेह, कधी म्युच्युअल फंड. सचिवांनी मला फोनवर विषय विचारला आणि मी ‘कुत्रा’ म्हणालो, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला पी-वेचा माणूस. आमचं बोलणं म्हणजे ट्रॅकवर गँगला दिलेला आवाज. तेव्हा सांभाळून घ्या.

विषय साधा आहे. घरातला जीव लावलेला कुत्रा गेल्यावर दुसरा आणावा का, आणि आणायचा तर कसा निवडावा? यात मी एकदा सपशेल चुकलो आहे आणि एकदा बरा निघालो आहे. दोन्ही सांगतो.

बंड्या आमच्याकडे २०१० साली आला. पिवळसर रंगाचा लॅब्राडोर. तेव्हा मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, नोकरीत नवा, मुलगी तीन वर्षांची, आई ठणठणीत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो आठवत असेल. शेजारच्या छत्तीसगढी मावशी त्याला ‘बंडू भैया’ म्हणायच्या आणि रोज एक पोळी काढून ठेवायच्या. बुधवारी बाजारातले दोन भाजीवाले मला नावाने ओळखत नाहीत, ‘बंडूचे साहेब’ म्हणून ओळखतात. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायचं काम आईकडे होतं. खरं म्हणजे तोच आईला फिरवायचा. वर्ध्याहून इथे आलेल्या बाईला या कॉलनीत ओळखी मिळवून दिल्या त्या त्यानेच.

बारा वर्षं झाली आणि त्याच्या किडन्यांनी दगा दिला. लॅब्राडोरचं वयच साधारण दहा-बारा वर्षांचं, हे कळत होतं, पण वळत नव्हतं. सलाईन, वेगळं खाणं, औषधं, सगळं झालं. मे २०२२ मध्ये एका दुपारी तो गेला. मी त्या वेळी साइटवर होतो. चार तासांचा ब्लॉक घेतलेला, रूळ उघडा पडलेला. सौ.चा फोन आला. आपल्यातले इंजिनियरिंगवाले जाणतात, ब्लॉक घेतला की लाईन फिट देईपर्यंत जागा सोडता येत नाही. मी घरी पोचलो तेव्हा आईने त्याच्यावर तिची जुनी नऊवारी पांघरून ठेवली होती.

नंतर घर खायला उठलं. कोणी बोलत नव्हतं. आईने फिरायला जाणं बंद केलं. ‘एकटी कुठे जाऊ?’ म्हणायची. मुलगी दहावीचा अभ्यास करायची, पण खोलीचं दार लावून. आणि मला तर ‘मी नव्हतो’ हे एकच टोचत होतं.

अशा वेळी आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला फार मोलाचा असतो! एकाने सांगितलं, हस्की घ्या. बर्फावर गाडी ओढणारा कुत्रा, आणि आमच्याकडे बिलासपूरचा मे महिना! दुसऱ्याने सांगितलं, आपली देशी जात घ्या, मुधोळ हाउंड. जात उत्तमच आहे, २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढलं. पण तो पळण्यासाठी, शिकारीसाठी जोपासलेला कुत्रा, त्याला मोकळं रान पाहिजे. माझं क्वार्टर दोन खोल्यांचं. मी कोणाचंच ऐकलं नाही. मला पाहिजे होता बंड्या. तसाच रंग, तशीच जात, तसंच नाव.

तीन आठवड्यांच्या आत मी दुसऱ्या गावातल्या एका विक्रेत्याकडून पिल्लू घेऊन आलो. घरात कोणाला विचारलं नाही. सरप्राइज द्यायचं होतं. पिल्लू ४५ दिवसांचं आहे, असं मला सांगितलं होतं. आई कोण, बाप कोण, दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. डॉक्टरांनी तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाले, जेमतेम महिन्याचं असेल.

चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. नवव्या दिवशी ते गेलं. आम्ही त्याला बंड्याच म्हणत होतो, म्हणजे एका महिन्यात आमच्या घरात बंड्या दोनदा गेला.

त्या रात्री मुलगी मला म्हणाली, ‘बाबा, तुम्ही पिल्लू आणायला गेलाच नव्हता. तुम्ही बंड्याला परत आणायला गेला होता.’

मंडळी, बाप्पाला निरोप देताना आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो आणि बाप्पा येतो. नवी मूर्ती असली तरी बाप्पा तोच असतो. कुत्र्याचं तसं नाही. हे पंधरा वर्षांच्या पोरीला समजलं होतं, मला नव्हतं.

आता जे मी तेव्हा विचारायला हवं होतं, ते तुम्हाला सांगून ठेवतो. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लू आई-भावंडांत तेवढा काळ राहिलं की दूध नीट तुटतं, आणि चावण्याचा जोर किती ठेवायचा हेही ते तिथेच शिकतं. पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, जवळजवळ चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमाराला, नंतर दरवर्षी डॉक्टर सांगतील तशी. ही शेवटची कधीही चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस काय, कुत्रा काय, वाचत नाही म्हटलं तरी चालेल. आणि पार्व्होने पिल्लू गेलेल्या घरात लगेच दुसरं पिल्लू कधीच आणू नये. तो विषाणू फरशीत, मातीत कित्येक महिने टिकतो. आम्ही ताटल्या, अंथरूण सगळं टाकून दिलं आणि ब्लीचच्या पाण्याने घर धुतलं, तरी डॉक्टरांनी थांबायला सांगितलं.

आम्ही थांबलो. दीड वर्षाच्या वर थांबलो. आता वाटतं, ते थांबणं लसीइतकंच गरजेचं होतं. त्या काळात बंड्याचा पट्टा खुंटीवरून कपाटात गेला. कोणी काढ म्हटलं नाही, आपोआप गेला.

मधल्या काळात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर चालायला सांगत होते, आई चालत नव्हती. शुगर वाढली. २०२४ च्या सुरुवातीला एका संध्याकाळी तीच म्हणाली, ‘अरे, एखादं कुत्रं बघ. पण या वेळेस आम्हाला विचारून बघ.’

आम्ही चौघं बसलो. सौ.ने वही घेतली. तिने पहिलाच प्रश्न टाकला, ‘दहा ते पाच घरात कोण असतं?’ उत्तर, आई. ‘आईंच्या हातात साखळी दिली तर तीस किलोचा कुत्रा त्यांना ओढत नेईल की नाही?’ नेईल. ‘पिल्लू पायात घुटमळून त्यांना पाडेल की नाही?’ पाडेल. ‘मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला नागपूरला जाणार, मग रात्रीचं कोण बघणार?’ मी. ‘तुम्ही ब्लॉकवर असताना?’ मी गप्प. ‘बदली झाली तर?’ बरोबर न्यायचा, हे आधीच ठरलं पाहिजे. ‘महिन्याचा खर्च, आणि आजारपणासाठी वेगळे पैसे?’ तेही लिहिलं.

ती वही वाचली आणि माझ्या लक्षात आलं, की बंड्या ज्या घरात आला होता ते घर आता राहिलेलंच नाही. तेव्हा मी तरुण होतो, आई धावत होती, पोर रांगोळीत लोळत होतं. मी २०२२ मध्ये पिल्लू आणलं ते २०१० च्या घरासाठी.

आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगतो. जुन्या लाईनमधला एखादा रूळ खराब झाला, की त्याच्या जागी आम्ही कोरा करकरीत रूळ टाकत नाही. शेजारचे रूळ झिजून काही मिलिमीटर खाली गेलेले असतात. मध्येच नवा टाकला तर सांध्यावर पायरी होते आणि येणारं प्रत्येक चाक तिथे ठोकर देतं. म्हणून तेवढाच झिजलेला, पण तपासून आतून धडधाकट निघालेला रूळ शोधायचा. वीस वर्षं हे काम करतोय, पण घरी वापरायचं सुचलं नव्हतं. आमच्या घराला पिल्लू नको होतं. चार पावसाळे पाहिलेला, शांत, मोठा कुत्रा पाहिजे होता.

यार्डातल्या टूल रूमपाशी एक तांबूस-भुरी कुत्री राहायची. साधी गावठी. गँगचे लोक तिला भुरी म्हणायचे. गँगचा मेट तिला खाऊ घालायचा, आणि तो रिटायर होऊन गावी चालला होता. त्याने मला विचारलं, ‘साहब, इसका क्या होगा?’ तिच्या कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी झालेली. लसीचा कागद मेटने डब्याखाली जपून ठेवला होता.

या वेळी मी दया आली म्हणून उचलून आणली नाही. आधी तीन-चार रविवार सगळे जाऊन तिला भेटलो. पट्टा लावून मुलीने फिरवली. हातातलं भांडं मुद्दाम खाली पाडून पाहिलं. दचकणं चूक नाही. दचकून पुन्हा जवळ येऊन हुंगते का, ते पाहायचं. ती आली. आईची काठी हातातून निसटली, तेव्हा भुरी चार पावलं मागे सरली, थांबली, आणि आईच्या पायाशी येऊन बसली. डॉक्टरांकडून रक्त तपासून घेतलं, गोचीड काढले, आणि मग घरी आणली. नाव बदललं नाही. ते तिचं होतं.

सगळं गोड झालं असं समजू नका. पहिले दोन दिवस ती दाराच्या आत यायला तयार नव्हती. झाडू पाहिला की पलंगाखाली. कोणी मारलं असेल, कधीतरी. एका पाहुण्यांची चप्पल तिने संपवली. मी मनात बंड्याशी तुलना करत होतो, खोटं कशाला बोलू? तो कसा धावत दाराशी यायचा, ही नुसती मान वर करून बघते. सौ. म्हणाली, ‘रूळ बदलल्यावर पहिल्याच गाडीला फुल स्पीड देता का तुम्ही?’ नाही देत. खडी उकरून लाईन पुन्हा बसवली की आधी २० चा कॉशन, मग ४५, मग ७५, लाईन बसेल तसा वेग. कुत्री दत्तक देणारे लोकही असाच ढोबळ हिशेब सांगतात. तीन दिवस भेदरलेली, तीन आठवड्यांत घराची शिस्त, तीन महिन्यांत विश्वास. भुरीला चार महिने लागले. एका रात्री मी ब्लॉकवरून अडीचला घरी आलो, आणि ती दाराशी उभी होती.

आज आई काठी घेऊन सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत जाते. भुरी तिच्या पुढे जात नाही. आई कधीकधी चुकून ‘बंड्या, चल’ म्हणते. भुरी तरीही चालू लागते. आईच्या लक्षात येतं, ती थांबते, पदर डोळ्याला लावते आणि मग दोघी पुढे जातात. त्याला इलाज नाही, आणि तो करूही नये.

तेव्हा ज्यांच्या घरात असं झालं असेल, त्यांना एवढंच सांगतो. गेलेल्याचं दुःख गेलेल्याचंच राहू द्या, नव्याच्या गळ्यात बांधू नका. वही काढा, घरातल्या सगळ्यांना विचारा. आज आपण जे आहोत, त्याला जमेल तोच जीव आणा. कोणालाच जमणार नसेल, तर न आणणं हेही उत्तरच आहे, त्यात कमीपणा नाही.

जाता जाता, उत्सवाचे दिवस आहेत म्हणून दोन सूचना. पंचखाद्यात मनुका असतील तर तो प्रसाद कुत्र्याला देऊ नका. मनुका आणि द्राक्षं त्यांच्या किडनीला घातक ठरू शकतात. आणि विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशा सुरू झाला की त्यांना आतल्या खोलीत ठेवा, पंखा लावा, घरातलं एक माणूस जवळ बसवा. आमच्याकडे या वर्षी ती पाळी माझी आहे. त्यामुळे मिरवणुकीत मी दिसलो नाही, तर वर्गणी चुकवली असं समजू नये!



गणपती बाप्पा मोरया!