क्रियापद कोणाचं ऐकतं?

लांबलांबच्या शाळांमधून आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीनं बोर्डीच्या किनाऱ्यावर मी आपलं मनापासून स्वागत करतो.

आधी एक कबुली. मी शिक्षक नाही, छापखानेवाला आहे. लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाची वेलांटी चुकली की अख्खा गठ्ठा माझ्या अंगावर परत येतो. माझं व्याकरण तेवढंच! पण याच गठ्ठ्यांनी मला आपल्या गोतावळ्यात आणलं. एका पाड्यावरच्या शाळेतल्या बाई फुकट गेलेल्या पत्रिका मागायला आल्या. ‘‘काय करता यांचं?’’ विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘वर्गात या, दाखवते.’’

गेलो. पत्रिकेच्या दर्शनी बाजूला कोरा कागद चिकटवून लिहिलं होतं ‘मासा’. उघडली की आत ‘माशा’, आणि पुढे खाचेत सरकवायला ‘ला’, ‘ने’, ‘चा’ अशा पट्ट्या. ‘मासाला’ म्हणणाऱ्या मुलाला कोणी टोकलं नाही. त्यानं पत्रिका उघडली आणि स्वतःच सुधारलं. ‘सामान्यरूप’ हा शब्द फळ्यावर आला तो नंतर.

मग सुतळीचा खेळ. ‘मुलाने’, ‘चिकू’, ‘खाल्ला’ अशी कार्डं धरून तीन मुलं उभी. क्रियापद ज्याचं ऐकतं, त्याच्या हाती सुतळीचं दुसरं टोक द्यायचं. बाईंनी ‘मुलाने’ काढून ‘मुलीने’ उभं केलं. ‘खाल्ला’ जागचा हलला नाही. चिकू जाऊन चिंच आली, तशी ‘खाल्ली’ धावत पुढे. बोर आलं, ‘खाल्लं’ आलं. सुतळी कोणाकडे जाते ते पोरांनी ओळखलं. शेवटी वाक्य आलं, ‘मुलीने बैलाला बांधलं’. मुलीच्या जागी मुलगा आला, बैलाच्या जागी गाय आली, तरी ‘बांधलं’ ते ‘बांधलं’च. एक पोरगी ओरडली, ‘‘बाई, हे कोणाचंच ऐकत नाही!’’ शाळेत घोकलेला भावे प्रयोग मला या वयात, तिच्यामुळे कळला.

लेखनाचा खेळ तर याहून सोपा. एकानं चित्र बघून चार ओळी लिहायच्या, दुसऱ्यानं त्या वाचून चित्र काढायचं. एकानं लिहिलं, ‘झाडाखाली मुलगा आणि बैल उभे आहेत. त्याच्या डोक्यावर टोपी आहे.’ जोडीदारानं टोपी बैलाला घातली. वर्ग खो खो हसला, आणि लिहिणाऱ्यानं ‘त्याच्या’ खोडून ‘मुलाच्या’ केलं. लाल शाईचा एक थेंबही लागला नाही.

मग असे खेळ विकतच का आणू नयेत? दुकानातला खेळ वाईट असतो असं नाही. पण तो छापून पक्का झालेला असतो, हे मी छापणाराच सांगतो. घरी केलेल्या खेळात आजची चूक उद्याचं कार्ड होते. मुलांच्या घरचे शब्द त्यात येऊ शकतात. आणि कार्ड मुलांनीच केलं, तर ते करतानाच निम्मा धडा होऊन जातो.

हाताशी असलेल्या वस्तूंतून साधन करणं या मातीला नवं नाही. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी इथे बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे यांनाच साधनं केलं. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्यांचे शिंपले आणि आमच्या बाईंच्या पत्रिका, नातं एकच.

आमच्या व्यवस्थेत काही उणं राहिलं असेल, ते पोटात घाला. मंडपाच्या मागे एका टेबलावर छापखान्यातल्या पत्रिका, पुठ्ठे, कात्रणं आणि सुतळीचे गुंडे ठेवले आहेत. भाषणं ऐकून झाल्यावर तिथे जरूर बसा. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत घोलवडच्या चिकूंबरोबर स्वतः केलेला एक खेळ असावा, एवढीच यजमानाची इच्छा. आणि हो, पत्रिकांवरचे मुहूर्त टळून गेलेत. आपण मात्र अगदी वेळेवर आलात.