पिकअपचे ॲव्हरेज: लेबलावरचे आणि रस्त्यावरचे

नवी पिकअप घेतल्यावर दोन-तीन टाक्या संपेपर्यंतच मालकाचा हिरमोड होतो, ही अमेरिकेतली जुनी तक्रार आहे. काचेवरच्या लेबलावर गॅलनला 20 मैल, म्हणजे लिटरला साडेआठ किलोमीटर छापलेले असतात आणि रस्त्यावर पदरात पडतात 16 मैल, म्हणजे जेमतेम पावणेसात किलोमीटर. गाडीत खोट आहे किंवा कंपनीने फसवले, असे दोनच निष्कर्ष मग काढले जातात. बहुतेक वेळा दोन्ही चुकतात. लेबलावरचा आकडा कसा निघतो आणि पिकअप प्रत्यक्षात कशी वापरली जाते, हे शेजारी शेजारी ठेवले की तफावतीचा बराचसा हिशेब लागतो.

हे लेबल 1975 च्या ऊर्जा धोरण व बचत कायद्याने सक्तीचे झाले. 1973 च्या तेलटंचाईचा चटका तेव्हा ताजा होता. चाचणीचे नियम पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, ठरवते. गाडी रस्त्यावर न नेता प्रयोगशाळेतल्या रोलरवर चढवतात आणि चालक समोरच्या पडद्यावरच्या आलेखाप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. शहरी चाचणीचा सरासरी वेग ताशी सुमारे 34 किलोमीटर असतो. महामार्गाच्या चाचणीत तो सुमारे 78 असतो आणि कमाल वेग 97 च्या आत राहतो. या चाचण्यांतून निघणारे ॲव्हरेजचे आकडे फार आशावादी ठरतात, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून 1985 पासून शहरी आकड्यातून 10 आणि महामार्गाच्या आकड्यातून 22 टक्के कापले जाऊ लागले. 2008 च्या मॉडेलांपासून आणखी तीन चाचण्या जमेस धरल्या गेल्या: ताशी 129 किलोमीटरपर्यंतचा वेग व झपाट्याने वेग वाढवणे असलेली एक, 35 अंश तापमानात एसी चालू ठेवून एक आणि उणे 7 अंशांच्या थंडीत एक. तरीही अनेक मॉडेलांच्या पाचही चाचण्या होत नाहीत. मूळच्या दोन चाचण्यांचे आकडे सूत्रात घालून लेबल तयार करण्याची मुभा आहे आणि ते सूत्र सर्व तऱ्हांच्या गाड्यांच्या सरासरीवर बेतलेले आहे. उंच, चौकोनी पिकअप त्या सरासरीत नीट बसत नाही.

रोलरवर गाडी जागची हलत नाही, त्यामुळे समोरून वारा लागत नाही. रस्त्यावर होणारा विरोध रोलरकडून कृत्रिमरीत्या लावावा लागतो. तो किती लावायचा हे मोकळ्या ट्रॅकवर ठरते: गाडी वेगात आणून न्यूट्रलमध्ये सोडायची आणि ती किती वेळात मंदावते ते मोजायचे. या मापात थोडी जरी सवलत घेतली, तरी पुढचे सगळे आकडे फुगतात. ह्युंदाई आणि किया यांना 2012 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 9 लाख मोटारींचे आकडे याच कारणाने खाली आणावे लागले आणि 2014 मध्ये 10 कोटी डॉलर दंड भरावा लागला. म्हणजे फसगत होऊ शकते, पण तिची जागा ठरलेली आहे आणि ती तपासता येते.

प्रामाणिकपणे काढलेला आकडाही पिकअपला तोकडा पडतो, त्याचे पहिले कारण हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. महामार्गाच्या चाचणीच्या सरासरी 78 च्या जागी अमेरिकी हायवेवरचा नेहमीचा ताशी 113 किलोमीटर, म्हणजे 70 मैल, हा वेग धरला, तर हा विरोध दुपटीहून जास्त होतो. तो सगळ्याच गाड्यांना होतो. पण पिकअपचा दर्शनी भाग सेडानपेक्षा बराच मोठा असतो आणि केबिनमागे उघडा हौदा असतो. त्यामुळे वेगाचा भुर्दंड तिला जास्त बसतो. फाळका पाडून चालवले की वारा आरपार जातो आणि डिझेल-पेट्रोल वाचते, असा समज आहे. तो बरोबर नाही. फाळका लावलेला असताना हौद्यात हवेचा भोवरा साठून राहतो आणि वरची हवा त्यावरून सरकत जाते. फाळका पाडला की ही घडी मोडते.

दुसरे कारण वजन. चाचणीत रिकाम्या गाडीच्या वजनात फक्त 300 पौंड, म्हणजे सुमारे 136 किलो मिळवतात. चालक आणि शेजारी बसलेला माणूस, एवढेच. हौद्यातला माल आणि मागे जोडलेला ट्रेलर या हिशेबात नाहीत, आणि पिकअप घेतली जाते ती त्यांच्यासाठीच. टर्बो असलेल्या लहान पेट्रोल इंजिनांत हा फरक आणखी ठळक होतो. हलक्या पायाने चालवले तर ती लहान इंजिनाइतके पितात. ओझे आले की टर्बो जोर लावतो आणि एक्झॉस्ट फार तापू नये म्हणून मिश्रणात जादा पेट्रोल सोडले जाते. ज्यांची मालासह एकूण वजनाची मर्यादा 8,500 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 3,855 किलोच्या वर आहे, त्या अवजड पिकअपना तर हे लेबलच लागू नाही. तिथे मालकाची अपेक्षा ऐकीव आकड्यांवर उभी असते.

उरलेली कारणे लहान, पण बेरजेत भरणारी आहेत. चाचणीचे पेट्रोल परंपरेने इथेनॉलविरहित असते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असते आणि त्यात सुमारे 3 टक्के ऊर्जा कमी भरते. कडाक्याच्या थंडीत शहरातल्या फेऱ्यांना सुमारे 15 टक्के फटका बसतो आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत तो 24 टक्क्यांपर्यंत जातो, कारण इंजिन तापायच्या आत मुक्काम येतो. नवे इंजिन पुरते मोकळे व्हायला 5 ते 8 हजार किलोमीटर लागतात, म्हणून पहिल्या महिन्याच्या आकड्यावरून निकाल देऊ नये.

मोजणीतही चूक होते. 31 इंचांचे टायर काढून 33 इंचांचे बसवले की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साडेसहा टक्के जास्त अंतर कापते. ओडोमीटरला त्याचा पत्ता नसतो. तो 800 किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी सुमारे 850 चाललेली असते. तेवढ्यात 100 लिटर जळले असतील, तर कागदावर 8 चे ॲव्हरेज निघते आणि खरे असते साडेआठ. पंपाचा ऑटो कट दर वेळी एकाच पातळीला पडत नाही. 60 लिटरच्या टाकीत दोन लिटर इकडेतिकडे झाले तरी तीन टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून टाकी फुल ते टाकी फुल हा हिशेब चार-पाच टाक्यांचा एकत्र करावा. डॅशबोर्डवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय खरा मानू नये.

महाराष्ट्रातल्या मालवाहू पिकअपचे गणित वेगळ्या आकड्यांचे आहे, तत्त्व तेच. भारतीय मोटारींच्या जाहिरातींतला आकडा बहुधा पुण्यात 1966 मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेच्या नावाने ओळखला जातो. इथल्या रूढ चाचणीचक्रात कमाल वेग ताशी 90 किलोमीटर आहे आणि घाट नाही. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंच जाते. गाडी आणि माल मिळून तीन टन असतील, तर केवळ उंची गाठण्यातच सव्वा ते दीड लिटर डिझेल जाते. उतारावर यातले थोडेच परत मिळते. बरेचसे ब्रेक तापवण्यात संपते.

लेबलावरचा आकडा एका मॉडेलची दुसऱ्याशी तुलना करायला भरवशाचा आहे, कारण दोघांना एकच परीक्षा द्यावी लागते. महिन्याचे इंधनबिल काढायला तो कामाचा नाही. गाडी घेण्यापूर्वी नेहमीचा वेग, नेहमीचे ओझे आणि नेहमीचा रस्ता यांचा अंदाज बांधावा, लेबलातून पाचवा हिस्सा वजा करावा आणि उरलेल्या आकड्यावर धंदा परवडत असेल तरच सही करावी. चार-पाच टाक्यांचा नीट हिशेब त्याहूनही खाली गेला, तर मात्र गाडी वर्कशॉपला दाखवावी.