अभिजात गळा आणि लोकप्रिय गीत
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



 विषय संगीताचा आहे. परंतु जो प्रश्न मी मांडणार आहे, तो वाङ्मयालाही चुकलेला नाही. गंभीर साधना केलेला कलावंत लोकप्रिय माध्यमाकडे वळला, म्हणजे तो खाली उतरला, असे समजायचे काय?

बडोद्यात हा प्रश्न विचारताना 1916 या वर्षाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्या वर्षी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथे भरली. रागांची शुद्ध रूपे कोणती, याची चर्चा विद्वान आणि गवई यांनी एकत्र बसून केली. त्याच वर्षी ‘संगीत स्वयंवर’ रंगभूमीवर आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या होत्या. बुवा कठोरचे, बडोदे संस्थानातले. त्यांच्या तालमीचा एक महत्त्वाचा भाग याच शहरात झाला. पुढे आग्रा आणि जयपूर घराण्यांची विद्या त्यांनी मिळवली आणि तिचा अर्क बालगंधर्वांच्या गळ्यातून सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचवला. ज्यांना रागाचे नावही ठाऊक नव्हते, त्यांच्या ओठी भीमपलास आणि यमन रुळले. एकाच वर्षी एकीकडे शास्त्राची घडी बसत होती आणि दुसरीकडे तेच शास्त्र तिकीट काढून येणाऱ्या लोकांच्या स्वाधीन होत होते. या दोन गोष्टींत विरोध आहे, असे आज आपण म्हणत नाही.

पुढे तबकडी आली आणि तासाभराचा ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला. चित्रपट आला. 1952 च्या ‘बैजू बावरा’त उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुसकर गायले, 1956 च्या ‘बसंत बहार’मध्ये भीमसेनजी, 1960 च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये बडे गुलाम अली खाँ. यांपैकी कोणाचीही थोरवी त्यामुळे उणावली नाही. मात्र चित्रपटात त्यांना बोलावले गेले ते गवई म्हणूनच. दरबाराचा किंवा मैफलीचा प्रसंग असे आणि ते आपल्याच भाषेत बोलत. गवयाने स्वतः लोकप्रिय गीताची भाषा उचलणे ही निराळी गोष्ट आहे. तिचे ठळक उदाहरण म्हणून मी शुभा मुद्गल यांचे नाव घेतो.

1959 साली अलाहाबादेत जन्मलेल्या शुभाताईंनी पंडित रामाश्रय झा ‘रामरंग’ यांच्याकडे शिक्षणाचा पाया घातला. पुढे दिल्लीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य आणि पंडित वसंत ठकार यांच्याकडे त्या शिकल्या. ठुमरी-दादरा नैनादेवींकडून घेतला. मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी आणि देवासचे कुमार गंधर्व यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. अशा तालमीची गायिका 1996 मध्ये ‘अली मोरे अंगना’ आणि 1999 मध्ये ‘अब के सावन’ या ध्वनिफितींतून घरोघरी पोहोचली. तो काळ उपग्रह वाहिन्यांचा होता. चित्रपटाच्या आधाराशिवाय गीत लोकप्रिय होऊ लागले होते आणि गीताला चित्रफितीची जोड अनिवार्य झाली होती. प्रसून जोशी यांचे शब्द आणि शंतनू मोइत्रा यांचे संगीत लाभलेले ‘अब के सावन’ ज्या तरुणांनी डोक्यावर घेतले, त्यांतील कित्येकांनी आयुष्यात एकही बैठक ऐकलेली नव्हती.

या स्थलांतरात काय हरवते, हे प्रांजळपणे पाहिले पाहिजे. सर्वांत मोठी हानी उपजेची. मैफलीत तबलजी समोर असतो, श्रोता समोर असतो. एखाद्या स्वरावर दाद आली तर गायक तेथे रेंगाळतो आणि रागाची वाट बदलते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ताल आणि वाद्यमेळ बहुधा अगोदरच मुद्रित झालेला असतो. कानांना यंत्र लावून गायक एकटा उभा असतो. समेवर यायचे, ते दुसऱ्याने आखलेल्या क्षणी. ख्यालात शब्द स्वराच्या मागून चालतो. येथे शब्दाचा आणि ठेक्याचा अंमल असतो. रागाची सावली राहते, पण विस्तार राहात नाही.

मिळते काय, तेही तितकेच खरे आहे. चित्रपटसंगीतात कित्येक दशके स्त्रीचा आवाज म्हणजे बारीक, उंच पट्टीतला आणि निष्कलंक गोड, असा संकेत रूढ झाला होता. शुभाताईंचा आवाज रुंद, खुला, खर्जाचे वजन असलेला. आकार लावण्याची ही रीत तालमीतून आलेली होती, आणि लोकप्रिय गीतात तिने स्त्रीच्या आवाजाची कल्पनाच विस्तृत केली. ‘मन के मंजीरे’ या गीताची चित्रफीत आपणांपैकी काहींनी पाहिली असेल. घरातील छळ सोडून मालमोटार चालवणाऱ्या स्त्रीची कथा त्यात आहे. विलंबित ख्यालाच्या बैठकीने ही गोष्ट त्या वर्गापर्यंत पोहोचली असती असे मला वाटत नाही. त्या स्त्रीच्या मुक्तीला असाच मोकळा गळा हवा होता.

आक्षेप घेणारे म्हणतात, कलावंत पैशाला भुलला. कलावंताने उपाशी राहावे, ही अपेक्षा संस्थाने विलीन झाल्यानंतर कोणी कोणाच्या जिवावर करावी? दरबार गेले, त्यांची जागा आकाशवाणीने आणि पुढे व्यापारी कंपन्यांनी घेतली. विचारायचा प्रश्न असा की, नव्या आश्रयदात्यापुढे कलावंत किती स्वतंत्र राहतो? शुभाताईंनी 2003 मध्ये तबलावादक अनीश प्रधान यांच्यासह ‘अंडरस्कोअर रेकॉर्ड्‌स’ हा उपक्रम उभारला. कलावंताच्या हक्कांचा मान राखून संगीत श्रोत्यांपर्यंत न्यावे, हा त्यामागील विचार. ख्याल आणि ठुमरी तर त्यांनी कधीच सोडली नाही. बाजारात शिरूनही बाजाराच्या अटींबद्दल प्रश्न विचारता येतो, हे यातून दिसते.

आता आपल्याकडे वळतो. माझ्या मते या व्यवहारातील खरी जोखीम गायकापेक्षा श्रोत्याची आहे. गायक दोन्ही घरे ओळखतो. श्रोता मात्र पुष्कळदा अंगणातच थांबतो. ख्याल रंगात आलेला असताना गाजलेल्या गीताची फर्माईश करणारा श्रोता गायकाची वीस वर्षांची साधना पाच मिनिटांत मोजतो. नाट्यगीत ऐकून आपले आजोबा राग ऐकायला गेले, कारण त्यांना वाट दाखवणारे कोणी भेटले: एखादा मास्तर, एखादे संगीत मंडळ, एखादे पुस्तक. सयाजीरावांनी 1886 मध्ये येथे संगीतशाळा काढली आणि पुढे संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालये उभारली, ती याच श्रद्धेने की रसिकता शिकवता येते.

म्हणून या ग्रंथालयाला माझी एक विनंती आहे. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या कपाटाशेजारी एक श्रवणकक्ष असावा. लोकप्रिय गीत ऐकून आलेल्या मुलाला तेथे कोणी कमी लेखू नये. त्या गीतातील रागाची छाया त्याला दाखवावी आणि मग तोच राग एखाद्या बुजुर्गाच्या गळ्यातून ऐकवावा. कादंबरीसाठी आलेला वाचक पुढे ज्ञानेश्वरीपर्यंत जातो, हा आपला शंभर वर्षांचा अनुभव आहे. संगीतातही तो येईल, असा मला विश्वास वाटतो.